ग्रीसची बेटं : मे महिन्यात बारा रात्रींत किती करावीत?

मैत्रेयी_ठाणे

पुढच्या मे महिन्यात ग्रीसला जायचं जवळजवळ नक्की झालंय. लेकीची दहावी आटोपलेली असेल. मी, नवरा, लेक आणि सासूबाई असे चौघं जाणार आहोत. सासूबाई सत्तरीला टेकल्या आहेत. सपाटीवर कितीही चालतील, पण सतत जिने चढायला लागले की गुडघा कुरकुरतो. शिवाय त्या पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही.

नवऱ्याने असा बेत केलाय : अथेन्स २ रात्री, मिकोनोस २, पारोस १, नाक्सोस २, मिलोस २, सॅन्टोरिनी २, क्रीट १ आणि तिथूनच परतीचं विमान. नकाशावर सगळी बेटं एकमेकांना खेटून दिसतात, त्यामुळे त्याला हे सहज जमेल असं वाटतंय. मला मात्र यात नुसती पळापळ दिसतेय. इथे बरेच जण तिकडे जाऊन आलेत, म्हणून विचारते. हे जास्त होतंय का? होत असेल तर कुठलं बेट गाळावं? सासूबाईंच्या जेवणाचं काय करावं? आणि लेकीला बोट लागते, त्यावर काही उपाय आहे का?

केतकी

वाचतेय. आम्हीही याच विचारात आहोत.

फिरस्ता_अमोल

मैत्रेयी, तुमची शंका अगदी रास्त आहे. बेटांमधलं समुद्री अंतर कमीच आहे. वेळ खातं ते त्याच्या आगेमागेचं सगळं. सकाळी दहा-अकराला खोली सोडायची, बोट दुपारी तीनची, तोवर बॅगा सांभाळत बसायचं. बंदरावर पाऊण तास आधी पोचायचं, उतरल्यावर नवी खोली शोधायची. बेट बदलायचं म्हटलं की तो दिवस निम्मा गेलाच म्हणून समजा. तुमच्या बेतात हे सहा वेळा होतंय. पारोसला एका रात्रीसाठी उतरण्यात काहीच अर्थ नाही.

दुसरी गोष्ट नकाशावर कळत नाही. या बोटींच्या ठरलेल्या लाइनी असतात, आपल्या मध्य आणि पश्चिम रेल्वेसारख्या. पिरेयस (अथेन्सचं बंदर), पारोस, नाक्सोस, सॅन्टोरिनी ही एक लाइन. यावर मोठ्या बोटी रोज धावतात. पिरेयस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस ही दुसरी. एका लाइनीवरून दुसरीवर जायचं तर बोटी कमी, बहुतेक महागड्या कॅटामरान (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटी), आणि मेच्या सुरुवातीला त्यातल्या काही सुरूही झालेल्या नसतात. मिलोस देखणं आहे, साराकिनिकोचे पांढरे खडक पाहतच राहावेत असे आहेत. पण या खेपेला ते तुमच्या वाटेवर नाही. कुठलीही एकच लाइन धरा.

विहंग

मी याच्या पूर्ण विरुद्ध मताचा आहे. शेंगेन व्हिसाचा खटाटोप, चार जणांची विमानाची तिकिटं, एवढं सगळं करून जायचं आणि मिकोनोस गाळायचं, मिलोस गाळायचं? युरोपातली माणसं दर वर्षी जाऊ शकतात, त्यांनी निवांत एका बेटावर पडून राहावं. आपण ठाण्याहून पुन्हा कधी जाणार? दहावीतल्या मुलीच्या पायाला भिंगरी असते, तिला हे सगळं आवडेल. मी तर म्हणतो क्रीटला एकच्या ऐवजी दोन रात्री द्या.

फिरस्ता_अमोल

विहंग, क्रीट पूर्व-पश्चिम अडीचशे किलोमीटर लांब आहे. एका रात्रीत काय किंवा दोन रात्रींत काय, इराक्लिओनचं बंदर आणि फार तर क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे अवशेष होतील. त्यासाठी वेगळी सुट्टी काढावी इतकं ते मोठं आहे.

विहंग

क्रीटबद्दल मान्य. बाकी मुद्द्यावर ठाम आहे.

डेकवरून

मी मर्चंट नेव्हीत होतो. पिरेयसला बऱ्याचदा जाणं झालंय, नंतर बायकोबरोबर प्रवासी म्हणूनही या बेटांवर फिरलो. समुद्राच्या बाजूने थोडं सांगतो.

एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. आकाश निरभ्र, ऊन लख्ख आणि समुद्रावर पांढऱ्या फेसाच्या लाटा. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं हवा छान आहे, मग बोट का रद्द केली? मेमध्ये त्याचा तितका जोर नसतो, पण वारा तेव्हाही अधूनमधून उठतोच. कोकणात आपण बंदरावर बावटा लागला म्हणतो, तशी तिकडे बंदर अधिकाऱ्यांची नौकानयनबंदी लागते. वाऱ्याचा जोर बोफर्ट मोजपट्टीवर साधारण आठला पोचला की मोठ्या बोटीही थांबतात. हलक्या कॅटामरान त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात.

हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री एक्सप्रेस समिना नावाची प्रवासी बोट पारोसच्या तोंडाशी असलेल्या पोर्तेस खडकांवर आदळून बुडाली. ८० हून जास्त माणसं गेली. बंदर समोर दिसत होतं. समुद्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला त्या रात्रीबद्दल वाचताना आजही त्रास होतो. त्यामुळे बोट रद्द झाली तर चिडू नका. तिकिटाचे पैसे परत मिळतात किंवा पुढची बोट मिळते. मात्र परतीच्या विमानाची आदली रात्र अथेन्समध्येच काढायची, बेटावर नाही. या एका गोष्टीवर तडजोड करू नका.

आता बोट लागण्याबद्दल. कॅटामरानमध्ये विमानासारखं खुर्चीला खिळून काचेआड बसावं लागतं, लाटेवर ती आपटते आणि उघडा डेक नसतो किंवा असला तर नावापुरता. बोट लागणाऱ्या माणसासाठी ते वाईट. मोठी साधी बोट घ्या. नाक्सोसला कॅटामरानला साडेतीन-चार तास लागतात, हिला साडेपाच. पण ती जड असल्याने संथ चालते, तिकीट स्वस्त असतं आणि डेकवर वारं घेत बसता येतं. लेकीला बोटीच्या मध्यावर बसवा, पुढच्या टोकाला कधीच नाही. नजर क्षितिजावर ठेवायला सांगा, मोबाइल बंद. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून बोटीत चढण्याआधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारशी कामाची नसते.

केतकी

डेकवरून काका, किती नीट समजावलंत! वाचनखूण साठवली.

सुगरण_मंजिरी

जेवणाची काळजी अजिबात करू नका. हे मी मनापासून सांगतेय, कारण माझी आई अशीच कट्टर शाकाहारी आहे आणि इतर युरोपात तिची उपासमार झाली, ग्रीसमध्ये मात्र ती पोटभर जेवली.

ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षातून कितीतरी दिवस असतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत. त्यामुळे तेलातल्या भाज्या आणि कडधान्यं त्यांच्या घरोघरी रांधतात. निस्तीसिमो म्हणजे उपासाचं. हा शब्द सासूबाईंना पाठ करायला लावा. एक मात्र ध्यानात ठेवा, कोळंबी आणि माखल्या त्यांच्या उपासाला चालतात, तेव्हा मासे नकोत हे वेगळं सांगायचं.

काय मागवावं : गिगांतेस म्हणजे टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठाले पांढरे वाल. फासोलाकिया म्हणजे फरसबीची भाजी, ऑलिव्हच्या तेलात अगदी मऊ शिजवलेली. ब्रियाम म्हणजे वांगी, बटाटे, झुकिनी एकत्र भट्टीत. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, पण काही ठिकाणी त्यात खिमा असतो, विचारून घ्या. दोल्मादाकियाचंही, म्हणजे द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचंही, तसंच. नाक्सोसचे बटाटे सगळ्या ग्रीसमध्ये नावाजलेले आहेत. तिथले तळलेले बटाटे आणि वर किसलेलं ग्राव्हिएरा चीज लेकीला खाऊ घाला.

आणि सॅन्टोरिनीची फावा! पिवळ्या डाळीचं घट्ट वरण समजा. वर कच्चा कांदा, केपर, ऑलिव्ह तेल. ती टाळक्यावर ऊन घेत गाडीभर पर्यटकांमध्ये बसून खाऊ नका, आतल्या गावातल्या साध्या खानावळीत खा. आईने पावाला लावून इतक्या तब्येतीत खाल्ली की मालकीणबाई पुन्हा वाढायला आल्या.

ठेचा_भाकर

मंजिरीताई, ती फावा म्हणजे आमच्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. सॅन्टोरिनीची डाळ लॅथिरस क्लायमेनमची आणि आमच्या भंडारा-गोंदियाकडची लाखोळी लॅथिरस सॅटायव्हसची. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत लाख पेरून देतात. सतत तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी होती. तिकडे तीच जातकुळी युरोपीय संघाचं संरक्षित नाव लावून मिरवते, हे वाचून आमच्या लाखोळीसाठी जीव तुटतो.

सुगरण_मंजिरी

हे माहीत नव्हतं! लाखोळीचे वडे खाल्लेत मी नागपूरला, अप्रतिम असतात. यावर वेगळा धागा काढा ना.

ठेचा_भाकर

काढतो. इथे मैत्रेयीताईंचं ग्रीस राहून जाईल.

दगडधोंडे

कोणीच अजून डेलोसचं नाव घेतलं नाही! मिकोनोसला मुक्काम करू नका, खिशाला परवडणारं ते बेट नाही. पण त्याच्या शेजारचं डेलोस चुकवू नका. मिकोनोसच्या जुन्या बंदरातून अर्ध्या तासात बोट पोचवते, आणि हंगामात नाक्सोस-पारोसहूनही दिवसभराच्या सहली निघतात.

अपोलो आणि आर्टेमिसचा जन्म इथला, अशी ग्रीकांची श्रद्धा. ती जागा पवित्र राहावी म्हणून अथेन्सवाल्यांनी इ.स.पू. ४२६ मध्ये तिथल्या सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रेनिया बेटावर नेल्या आणि यापुढे डेलोसवर कोणी जन्मायचं नाही, कोणी मरायचं नाही असा नियम केला. दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसं होडीत घालून रेनियाला पाठवायचे. पुढे इ.स.पू. १६६ मध्ये रोमने ते करमुक्त बंदर केलं आणि त्याच पवित्र बेटावर गुलामांचा प्रचंड बाजार उभा राहिला. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की दिवसाला दहा हजार गुलामांची उलाढाल पेलण्याची त्या बंदराची ताकद होती.

आज तिथे वस्ती नाही, हॉटेल नाही, रात्री राहायला परवानगी नाही. तुम्ही व्यापाऱ्यांच्या घरांमधून चालत जाता. उंबरठा ओलांडला की चौक, चौकाभोवती खांब, मधोमध पावसाचं पाणी साठवायचं टाकं आणि जमिनीवर खडे बसवून काढलेले डॉल्फिन. टाक्याच्या संगमरवरी कठड्यावर दोर घासून घासून पडलेल्या खाचा असतात, त्यांत बोट घालून पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून रोज कोणीतरी पाणी शेंदत होतं. मला त्या खाचांनी देवळांपेक्षा जास्त धरून ठेवलं.

सावली जवळजवळ नाही. टोप्या आणि पाणी न्या. सासूबाईंना किन्थोस टेकडी चढायची गरज नाही, खालचा भाग पुष्कळ आहे.

अबोली

दगडधोंडे, फार छान लिहिलंत.

सॅन्टोरिनीबद्दल कोणी खरं सांगेल का? मला ते अजिबात आवडलं नाही. तिथल्या ईआ गावाच्या गल्लीत सूर्यास्ताला माणसावर माणूस. घरांच्या दारांवर 'कृपया शांतता राखा, इथे माणसं राहतात' अशा पाट्या. तिथल्या लोकांचे हाल बघून मला आपण आलोय याचीच लाज वाटली. क्रूझच्या प्रवाशांवर २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घातली आहे आणि जुलै २०२५ पासून भर हंगामात माणशी २० युरो आकारतात. एवढ्या छोट्या बेटावर एका दिवसात क्रूझनेच आठ हजार माणसं, आणि ही मर्यादा! २०२५ च्या सुरुवातीला भूकंपाची मालिका झाली तेव्हा हजारो रहिवासी बेट सोडून गेले होते. मैत्रेयी, मी तर म्हणेन ते गाळाच. त्या रात्री नाक्सोसला द्या.

विहंग

सॅन्टोरिनी गाळा?? मग ग्रीसला जायचंच कशाला?

डेकवरून

अबोलीताई, तुमचं म्हणणं पटतं आणि तरी मी म्हणेन की सॅन्टोरिनी बघावं, फक्त ते बोटीने जाऊन बघावं, विमानाने नाही. इ.स.पू. १६०० च्या सुमारास ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक होऊन बेटाचा मधला भाग समुद्रात खचला. आज मोठी बोट त्या खचलेल्या खड्ड्यात शिरते. दोन्ही बाजूंना कडे, काळ्या, तांबड्या, राखाडी थरांचे, आणि अगदी माथ्यावर पांढरी गावं. खाली पाणी इतकं खोल की क्रूझ जहाजांना नांगर टाकता येत नाही. मी कितीतरी बंदरांत शिरलोय, असं दुसरं नाही. डेकवर डाव्या कठड्याशी आधीच जागा धरा.

उतरायच्या वेळेची एक सूचना. घोषणा झाली की सगळे खाली गाड्यांच्या मजल्यावर उतरतात. बॅगा तिथेच, बेटांच्या नावांच्या फळ्या लावलेल्या मांडण्यांवर ठेवलेल्या असतात. अंधार, डिझेलचा वास, ट्रकांची घरघर. बोट मागे मागे येत धक्क्याला लागते, साखळ्या कडकडतात आणि समोरची लोखंडी भिंतच खाली पडून रस्ता होते. एकदम ऊन आत येतं आणि सगळे एका दमात निघतात. बोट फार थोडा वेळ थांबते. सासूबाईंना गर्दीच्या लोंढ्यात पुढे ढकलू नका. उताराच्या कडेने, कोणाच्या तरी हाताला धरून, ओल्या पत्र्यावर जपून.

अबोली

काका, कड्यांबद्दल तुमच्याशी भांडण नाही. माझा मुद्दा गर्दीत भर घालावी का एवढाच आहे.

दगडधोंडे

मेच्या सुरुवातीला गर्दी सोसवते. ईआऐवजी फिरोस्तेफानी किंवा आतल्या पिर्गोसजवळ राहा. आणि अक्रोतिरी बघा. उद्रेकाच्या राखेत गाडलेलं अख्खं नगर, दुमजली घरं, दारं-खिडक्यांच्या चौकटी जागेवर. वर छप्पर आहे आणि चालायला लाकडी मार्ग, त्यामुळे ज्येष्ठांना उन्हाचा आणि जिन्यांचा त्रास नाही. तिथे माणसांचे सांगाडे सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच निघून गेले असावेत. कुठे गेले, ते कोणालाच सांगता येत नाही.

नेदरलँड्सकर

व्हिसाचं थोडं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे म्हणजे आपल्याकडच्या सुट्ट्यांची झुंबड, तेव्हा भेटीची वेळ जितक्या लवकर मिळेल तितकी घ्या. फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालू असायला हवा.

एक सापळा सांगतो. कोस किंवा रोड्सवरून समोर तुर्कस्तान दिसतं आणि बोटी जातात, म्हणून लोक सहज जाऊन येऊ म्हणतात. पण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात आणि तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर ग्रीसमध्ये परत घेणार नाहीत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला तुर्कस्तानातल्या बोदरूमहून थेट इस्तंबूल गाठून भारतात परतावं लागलं, सामान कोसच्या हॉटेलात राहिलं.

आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून न्या. काही दुकानदार विचारत नाहीत, पण अपघात झाला की विमा कंपनी विचारते.

गणेश_डोंबिवली

दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर चालेल का हो? आम्हाला मे जमत नाही.

फिरस्ता_अमोल

गणेश, दिवाळी ऑक्टोबरच्या मध्याला आली तर कसंबसं जमेल. नोव्हेंबरमध्ये छोट्या बेटांवर हॉटेलं, खानावळी कुलुपबंद असतात आणि बोटी निम्म्यावर येतात. तुम्ही क्रीट करा, ते बारा महिने जागं असतं. नाहीतर अथेन्सला राहून एजिना आणि हिद्रा करा. पिरेयसहून जवळ, समुद्रही त्या आखातात शांत. एजिनाला अफाइयाचं देऊळ आणि पिस्त्यांच्या बागा, हिद्राला तर मोटारगाड्याच नाहीत, सामान खेचरावर जातं.

रेवा

क्रोएशियाचा विचार केलात का? स्प्लिटहून ह्वार, कोर्चुला, विस. अंतरं कमी, पाणी आरशासारखं. विस बेट युगोस्लाव्ह लष्कराच्या ताब्यात होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला प्रवेशच नव्हता, त्यामुळे तिथे अजून काँक्रीटचं जंगल झालेलं नाही. २०२३ पासून तेही शेंगेनमध्ये आणि चलन युरो.

सुगरण_मंजिरी

रेवा, सुंदर आहेच, पण शाकाहारी सासूबाईंना घेऊन मी ग्रीसच निवडेन.

मैत्रेयी_ठाणे

सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री जेवणं झाल्यावर अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. नवऱ्याचा विरोध डेकवरून काकांच्या प्रतिसादापाशी संपला. सासूबाईंना डेलोसची गोष्ट फार लागली. "मरायलाही परवानगी नाही म्हणजे काय," असं सकाळपासून दोनदा म्हणून झालंय, आणि तिथे जायचंच असं त्यांनी जाहीर केलंय.

नवा बेत : अथेन्स २, नाक्सोस ५, सॅन्टोरिनी ३, पुन्हा अथेन्स २. नाक्सोसहून एक दिवस डेलोस, एक दिवस पारोस. मिकोनोसचा मुक्काम, मिलोस आणि क्रीट गाळलं. अबोली, तुझं म्हणणं कळलं, पण सॅन्टोरिनी बघायचंय. तीन रात्री राहून, आतल्या गावात, दुकानांवर चार पैसे खर्च करून बघू. विहंग, तुमचं थोडं ऐकलं, थोडं नाही.

दोन शेवटचे प्रश्न. मेमध्ये समुद्रात पोहता येतं का? आणि नाक्सोसमध्ये नेमकं कुठे राहावं?

विहंग

सॅन्टोरिनी राहिलं ना, मग माझी तक्रार नाही. फोटो टाका.

अबोली

तीन रात्री राहून बघणार असशील तर मीही विरोध मागे घेते. घाईने येऊन जाणाऱ्यांचाच बेटाला खरा त्रास आहे.

फिरस्ता_अमोल

बेत उत्तम झालाय. पोहण्याचं म्हणाल तर मेमध्ये पाणी अठरा-एकोणीस अंशांवर असतं. अलिबागच्या पाण्याची सवय असलेल्या माणसाला हुडहुडी भरेल. लेक उतरेल, बाकीचे पाय भिजवतील. महिन्याच्या शेवटी गेलात तर जरा बरं.

नाक्सोसमध्ये आगिओस गिओर्गिओस किनाऱ्याजवळ खोली घ्या. बंदरापासून चालत जाता येतं, सगळा भाग सपाट आहे, पाणी बऱ्याच आतपर्यंत गुडघाभर. जुन्या किल्ल्याच्या आतल्या गल्ल्यांत राहणं देखणं वाटतं, पण तिथे पायऱ्याच पायऱ्या. डोंगरातली हाल्की आणि अपिरान्थोस ही गावं सार्वजनिक बसने होतात, बस बंदरावरूनच सुटते. बसमध्ये नाही, आधी खिडकीवर तिकीट काढायचं. आणि डेलोसची सहल नाक्सोसला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी नको. वाऱ्यामुळे रद्द झाली तर पुढे ढकलायला दिवस हाताशी राहतात.

दगडधोंडे

आणि निघायच्या आधी डेलोस त्या दिवशी उघडं आहे ना ते बघून घ्या, काही महिन्यांत सोमवारी बंद असतं. सासूबाईंचा हिरमोड व्हायला नको.